काम सुरू आहे, उघडू नये

धाकट्याने घरच्या कॉम्प्युटरवर दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम बसवली आणि ती पहिल्याच फटक्यात, कुठलीही तक्रार न करता, झकास सुरू झाली!

हे वाक्य कृपया विसरून जा. असं काही घडलेलं नाही. त्याच्या घरी कोणी विचारलं, तर तुम्ही धाकट्याला ओळखतही नाही.

घडलं ते एवढंच. गुरुवारी सुट्टी होती आणि धाकटा हातात चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, "बावीस मिनिटांचं काम आहे."

त्याचा स्वर असा होता, की जणू मेंदूवर शस्त्रक्रिया करायची आहे आणि मेंदू ओळखीतलाच आहे. एरवी धाकटा एका कचेरीत आवक-जावक विभागात कारकून होता. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, गेलेल्या कागदावर शिक्का मारायचा. पण गेला महिनाभर तो व्हिडिओ बघत होता आणि व्हिडिओत सगळं बावीस मिनिटांत होत होतं.

"कॉम्प्युटरला हात लावणार आहेस?" आईने विचारलं. तिने फक्त प्रश्न विचारला होता, पण फ्रीजही घरघरायचा थांबला.

आईची भीती वाटायला कारण होतं. मागच्या खोलीत तिचं भरतकामाचं मशीन होतं, सहा सुयांचं. ती कॉम्प्युटरवर नक्षी काढायची आणि मशीन ती कापडावर उतरवायचं. अकरा वर्षांत आठशे बारा नक्ष्या! सगळ्या त्या एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये, आणि नक्षी काढायचं तिचं सॉफ्टवेअर चालायचं फक्त त्यातल्या जुन्या सिस्टीमवर. शिवाय शनिवारी दुपारी बाराला एका शाळेला चारशे बिल्ले द्यायचे होते. बिल्ल्यावर सिंह. मुख्याध्यापकांनी सिंह दोनदा परत पाठवला होता, कारण तो घाबरलेला दिसतो. काल आईने तीन तास खपून त्याची भुवई वर घेतली, बुबुळं सरळ केली, तेव्हा कुठे तो जंगलचा राजा झाला होता. तोवर तो जंगलातला कारकून होता.

"अगं आई, हात कुठे लावतोय? तुझी सिस्टीम तिथेच राहणार. मी फक्त शेजारी माझी बसवणार. एका चाळीत दोन बिऱ्हाडं! कॉम्प्युटर सुरू केला की तो विचारणार, कोणाकडे जायचंय? तू म्हणायचं, माझ्याकडे. झालं!"

"आणि तो माझ्याकडे आलाच नाही तर?"

"असं कसं होईल?"

"सोनेरी दोरा संपलाय, आणायला जातेय. एक वाजता येईन," आई चप्पल घालत म्हणाली. "एक वाजता मला माझी नक्षी दिसली पाहिजे. नाहीतर तू दिसू नकोस."

दार लागलं. बाबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. बाबा निवृत्त वायरमन. चौतीस वर्षं खांबावर चढून उतरलेला माणूस, त्यामुळे ते कुठल्याही गोष्टीकडे आधी संशयाने आणि मग वरून बघायचे.

"तू आंघोळ करून ये," ते म्हणाले. "तोवर मी तो डबा आतून पुसून ठेवतो. धूळ बसली असेल."

"पुसा पुसा!" धाकटा उदारपणे म्हणाला आणि गाणं गुणगुणत न्हाणीघरात गेला. त्याने त्या दिवशी गायलेलं ते शेवटचं गाणं.

साडेदहाला तो खुर्चीत बसला. कॉम्प्युटरच्या डब्याला बाबांनी एक चिठ्ठी चिकटवली होती : 'काम सुरू आहे, उघडू नये.' धाकट्याला भरून आलं. बाबांनी आजवर त्याच्या कुठल्याच कामाला काम म्हटलं नव्हतं.

त्याने नवी सिस्टीम भरलेला पेनड्राइव्ह लावला, बटण दाबलं. पडदा जांभळा झाला. स्वागत झालं. भाषा विचारली, वेळ विचारली, नाव विचारलं. एवढ्या आदराने त्याच्याशी कधी कोणी बोललं नव्हतं. मग पुढचा प्रश्न आला : 'कुठे बसवू?'

आणि खाली यादी होती. यादीत काहीही नव्हतं.

'डिस्क आढळली नाही.'

धाकटा हसला. मागे गेला, पुढे आला. 'डिस्क आढळली नाही.' पुन्हा मागे, पुन्हा पुढे. असं तो अकरा वेळा गेला-आला. बाराव्या खेपेला त्याचं हसू चेहऱ्यावरच राहिलं, पण तो आतून निघून गेला होता. कॉम्प्युटरमध्ये पाचशे-पाचशे जीबीच्या दोन डिस्क होत्या! एकीत आईची जुनी सिस्टीम, दुसरीत आठशे बारा नक्ष्या. काल रात्री होत्या. आज सकाळी होत्या. आता यादी पाटीसारखी कोरी होती.

'राहू दे,' त्याने ठरवलं. 'नकोच ती दुसरी सिस्टीम. आहे तसं ठेवू.' पेनड्राइव्ह काढला, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. पडदा काळा झाला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत आलं : 'सुरू करण्यासारखं काहीही सापडलं नाही. योग्य डिस्क घाला आणि कोणतंही बटण दाबा.'

धाकट्याने कोणतंही बटण दाबलं. मग उरलेली सगळी दाबली.

"काय रे, घाम कसला आलाय एवढा?"

दारात ताई उभी होती. ताई मोठ्या इस्पितळात अपघात विभागात नर्स. तिने आयुष्यात इतकं काही बघितलं होतं, की तिच्या चेहऱ्यावर काही उमटायचंच बंद झालं होतं.

"ताई," धाकटा कुजबुजला, "आईच्या डिस्क गेल्या."

"किती वाजता?"

"म्हणजे?"

"वेळ सांग. नोंद लागते." तिने भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडलं, उलटं केलं आणि लिहायला लागली. "अकरा पाच. रुग्ण प्रतिसाद देत नाही. सोबतचा नातेवाईक घामाघूम. काय दिलं होतंस?"

"काहीच नाही दिलं! मी फक्त विचारलं, कुठे बसवू!"

"सगळे असंच सांगतात."

धाकट्याने मोबाईल काढला आणि इंटरनेटवर, जिथे असले हवालदिल लोक जमतात तिथे, प्रश्न शोधला. प्रश्न सापडला! अगदी त्याचाच, सहा वर्षांपूर्वीचा. पहिल्या माणसाने उत्तर दिलं होतं : 'विचारण्याआधी शोधून बघत जा.' दुसऱ्याने : 'मलाही हाच त्रास आहे.' मग प्रश्न विचारणाऱ्यानेच लिहिलं होतं : 'सुटला! सर्वांचे आभार.' कसा सुटला ते लिहिलं नव्हतं. धाकट्याने आयुष्यात कोणाचाही इतका द्वेष केला नव्हता.

चौथ्याने मात्र नीट लिहिलं होतं. कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये जा. तिथे डिस्कशी बोलायची पद्धत 'रेड' अशी असेल. नव्या सिस्टीमला ती भाषा कळत नाही. ती बदलून 'एएचसीआय' करा, डिस्क दिसेल.

"म्हणजे डिस्क आहे, फक्त बोलत नाहीये!" धाकट्याला हुंदका आला. त्याने झपाट्याने सेटिंग उघडली, पद्धत बदलली, जतन केली. ताईने लिहिलं : 'अकरा वीस. पद्धत रेड होती, बदलली. कारण : एका अनोळखी माणसाने सांगितलं.'

मग त्याने पाचवं उत्तर वाचलं. 'वरीलप्रमाणे केल्यावर माझी जुनी सिस्टीम बंद पडली. सावध राहा.'

"आता?" ताईने विचारलं.

"आता यादी बघू."

त्याने आपला पेनड्राइव्ह परत लावला. यादी कोरी होती.

सहाव्याचं म्हणणं होतं, की डबा उघडून आतल्या वायरी बघा. धाकटा उठला, तोंडावर पाणी मारलं, चेहरा रविवारसारखा केला आणि बाहेर गेला. बाबा शब्दकोडं सोडवत होते.

"बाबा, जरा स्क्रूड्रायव्हर द्या ना."

"कशाला?"

"सहज. डबा उघडून बघतो."

"काम झालं का तुझं?"

आता खरं सांगणं म्हणजे एक वाजण्याआधीच एक वाजवून घेणं. धाकटा म्हणाला, "चालू आहे, बाबा. मस्त चालू आहे!"

"मग चालू काम उघडायचं नसतं. झालं की सांग."

"पण उघडल्याशिवाय होणार नाही."

"आणि झाल्याशिवाय उघडायचं नाही," बाबा शांतपणे म्हणाले. चौतीस वर्षांत एकदाही शॉक न बसलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही. धाकटा चिठ्ठीपाशी परत आला.

बारा वाजत आले होते. तो कॉम्प्युटर बंद करायचा, देवासारखा हात जोडायचा, सुरू करायचा. मागच्या खोलीतलं भरतकामाचं मशीन सहाच्या सहा सुया रोखून त्याच्याकडे बघत होतं. त्याला तर वाटलं, त्यातली तिसरी सुई किंचित हलली.

"हे काय पडलंय?" ताईने पडद्याशेजारून एक काळा पेनड्राइव्ह उचलला. "तुझं काही निसटलंय का?"

"असेल," धाकटा म्हणाला. या अवस्थेत त्याला कोणी किडनी दाखवली असती, तरी तो असेलच म्हणाला असता. ताईने तो पेनड्राइव्ह मागच्या मोकळ्या भोकात बसवला. धाकट्याने यादी पुन्हा उघडली.

आणि ताडकन उभा राहिला. खुर्ची मागे पडली.

"आली! ताई, आली! डिस्क आली!"

यादीत एक डिस्क होती. एकच. सोळा जीबी.

"दोन होत्या ना?" ताईने पानावर बघितलं. "आणि पाचशे-पाचशेच्या म्हणाला होतास."

बुडणाऱ्या माणसाला गणित सुचत नाही, पण कारणं सुचतात. "घाबरली असेल," धाकटा म्हणाला. "आक्रसली असेल."

"शॉकमध्ये रक्तदाब असाच खाली येतो," ताईने मान डोलावली. "पाचशेवरून सोळा म्हणजे अतिगंभीर. उशीर करू नकोस."

धाकट्याने मनात बेत आखला. जुनी सिस्टीम काही उठत नाही. नवी बसवली तर ती उठेल. उठली की आतून दार उघडून नक्ष्या बाहेर काढू. बेत उत्तम होता. फक्त 'शेजारी बसवा' असा पर्याय पडद्यावर नव्हता. पर्याय एकच होता : 'पूर्ण डिस्क वापरा. आतलं सर्व पुसलं जाईल.'

"सर्व म्हणजे सर्व?" धाकट्याने पडद्याला विचारलं.

"ऑपरेशनच्या फॉर्मवरही असंच लिहिलेलं असतं," ताई म्हणाली. "घाबरवायला लिहितात. सही कोणाची घेणार?"

"आई नाहीये."

"मग डॉक्टरांचा निर्णय."

डॉक्टरांनी डोळे मिटले आणि बटण दाबलं.

हिरवी पट्टी सरकायला लागली. दहा टक्के. तीस टक्के. धाकटा पट्टीबरोबर मान वळवत होता. साठ टक्क्यांवर आईचा फोन आला. "दोरा मिळाला. दहा मिनिटांत पोचते. मशीन सुरू करून ठेव."

"हो हो!" धाकटा म्हणाला आणि फोन उलटा धरला होता हे त्याला नंतर कळलं.

आणि बारा छप्पन्नला पडद्यावर आलं : 'अभिनंदन! सिस्टीम यशस्वीपणे बसली!' निळं आकाश उघडलं, कोपऱ्यात घड्याळ आलं, छोटीशी गोड धून वाजली. धाकट्याने डिस्कचं चित्र उघडलं. आत नवी सिस्टीम होती. बाकी जागा रिकामी. नक्षी नाही, अर्धी नक्षी नाही, दोऱ्याचा एक टाका नाही.

'आतलं सर्व पुसलं जाईल.'

तो जमिनीवर बसला. आठशे बारा! अकरा वर्षं! "ताई," तो म्हणाला, "मी पुसलं. माझ्या या बोटाने."

ताईने बोट बघितलं. "आता आईला सांगायचं. एकदम नाही सांगायचं. टप्प्याटप्प्याने. आधी बसवायचं, पाणी द्यायचं. मग म्हणायचं, परिस्थिती गंभीर आहे, आम्ही प्रयत्न केले."

बेल वाजली.

"आई, आत ये. बस," धाकटा म्हणाला. "पाणी घे."

आईने धाकट्याचा पांढराफटक चेहरा पाहिला. मग ताईचा पाहिला, तिच्या हातातली नोंद पाहिली. तिच्या हातून दोऱ्याची पिशवी पडली आणि सोनेरी रिळं खोलीभर पळाली.

"कोण गेलं?"

"अजून नक्की सांगता येत नाही," ताई तिच्या कामावरच्या आवाजात म्हणाली. "आम्ही शर्थ केली."

"हे कुठे आहेत? अहो!" आई किंचाळली. "अहो!!"

"काय झालं?" बाबा शब्दकोड्यासकट धावत आले. त्यांना बघून आईने भिंतीला टेकत श्वास सोडला, आणि मग श्वास घेऊन धाकट्याकडे वळली. आता फक्त एकच शक्यता उरली होती.

"माझ्या नक्ष्या."

धाकटा बाबांकडे वळला, कारण त्या खोलीत मारण्याची शक्यता कमी असलेला माणूस तोच होता. "बाबा, मी काम थांबवलं. कायमचं. यापुढे मी त्या डब्याला हात लावणार नाही."

"असं?" बाबा म्हणाले. "संपवलंस ना? मग हे घे."

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. ती उलगडली. आत दोन चपट्या लाल वायरी होत्या.

एक रीळ अजून टेबलाखाली घरंगळत होतं.

"हे काय आहे?" धाकट्याने विचारलं. खरं तर त्याला कळलं होतं.

"दोन डिस्कच्या वायरी. आंघोळीला गेलास तेव्हा काढून ठेवल्या," बाबा सांगू लागले. "खांबावर चढायचं तर आधी फ्यूज काढायचा आणि खिशात टाकायचा. तिथेच ठेवला तर खालून कोणी तरी शहाणा लावतो आणि वरचा माणूस भाजून निघतो. वरचा स्वतः खाली येऊन काम संपलं म्हणेपर्यंत फ्यूज खिशातून काढायचा नाही. मी तुला तीनदा विचारलं, झालं का? तू म्हणालास चालू आहे."

"एकदा विचारलंत!"

"दोनदा मनात विचारलं."

"म्हणजे डिस्क जोडलेलीच नव्हती? मी अडीच तास...?"

"म्हणून तर वाचली!" बाबा म्हणाले आणि छाती किंचित पुढे काढून डबा उघडायला वाकले.

वायरी लागल्या. कॉम्प्युटर सुरू झाला. आईची जुनी सिस्टीम डोळे उघडता उघडता निळी पडली आणि बंद झाली. पुन्हा निळी. पुन्हा बंद. आईने धाकट्याचं मनगट धरलं. धाकट्याला त्या हातातल्या सगळ्या शिवणाऱ्या बोटांची ताकद कळली.

"पद्धत!" ताई म्हणाली आणि पान वर धरलं. "अकरा वीस. रेड होती, बदलली. परत रेड करा."

परत रेड केलं. आणि पडदा उजळला. आईचं जुनं, डाग पडलेलं, लाडकं चित्र. तिने स्वतः माऊस हातात घेतला. नक्ष्या उघडल्या. मोर, वेली, कमळं, तीन पतसंस्था, एक व्यायामशाळा. खाली आकडा होता : आठशे बारा.

आई खुर्चीत बसली. धाकटा जमिनीवर होताच. बाबांनी तर शब्दकोडंही सोडवून टाकलं. कोणी कोणाला ओरडलं नाही. क्षणभर घरात इतकं छान वाटलं, की धाकट्याच्या मनात आलं, चहाचं विचारावं का?

"चला," आई म्हणाली, "सिंह घेऊन टाकू मशीनवर. माझा पेनड्राइव्ह कुठे आहे? इथे पडद्याशेजारी ठेवला होता. काळा, सोळा जीबीचा."

ताईने हळूच कॅलेंडरचं पान दुमडलं आणि खिशात घातलं.

"असू दे की, आई!" धाकटा घाईघाईने म्हणाला. "सिंह आहेच ना कॉम्प्युटरमध्ये!"

"तो घाबरलेला आहे. नीट केलेला मी मशीनवरच बसून केला, तो पेनड्राइव्हमध्येच आहे," आई म्हणाली आणि डब्यामागे वाकली. "हा बघ, इथे लावलाय कोणी तरी." तिने तो काढला, मागच्या खोलीत नेला, मशीनला लावला. मशीनने थोडा विचार केला आणि आपल्या छोट्या पडद्यावर लिहिलं : 'नक्षी आढळली नाही.'

त्यानंतरच्या पाच मिनिटांत काय बोललं गेलं, ते इथे देता येत नाही. बाबा मध्येच एवढंच म्हणाले, "तो बाहेर राहिलेला, मला कोणी सांगितलंच नाही. नाहीतर तोही खिशात टाकला असता."

सिंह पुन्हा काढावा लागला. आई दोन दिवस बसली. तिने धाकट्याला समोर स्टुलावर बसवून ठेवलं होतं. ती त्याच्या डोळ्यांकडे बघायची, मान हलवायची, "असा नको," म्हणायची आणि बुबुळ सरळ करायची. शनिवारी अकरा चाळीसला चारशे बिल्ले गेले. मुख्याध्यापक म्हणाले, सिंह आता उत्तम आहे, फक्त कोणावर तरी भयंकर चिडल्यासारखा वाटतो, पण चालेल.

धाकट्याने सोमवारी कचेरीतून येताना एक कोरा कागद आणला. त्यावरचा अर्ज ताईने फ्रीजच्या दारावर लावून दिला आहे. त्यावर आवक क्रमांकही आहे.

प्रति, मा. आई, घरप्रमुख.
विषय : परवानगी मिळणेबाबत.
महोदया,
उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते, की गुरुवारच्या प्रकरणी अर्जदारास घरातील सर्व विजेच्या वस्तूंपासून चार फूट अंतरावर राहण्याचे तोंडी आदेश असून, अर्जदार त्यांचे काटेकोर पालन करीत आहे. तथापि, स्वयंपाकघरातील मिक्सर हल्ली किंचित घरघर करतो, असे चार फुटांवरून अर्जदाराच्या निदर्शनास आले आहे. दोष किरकोळ असावा. तरी सदर मिक्सर एकदाच उघडून पाहण्याची परवानगी, शक्यतो आपण व बाबा दोघेही बाहेर असताना, देण्यात यावी, ही नम्र विनंती.